चार डब्यांतला सिनेमा

मित्रांनो, मी एक जुना काळा-पांढरा सिनेमा आहे. तुमच्या मोबाइलवर दिसतो तसला नव्हे, पत्र्याच्या चार गोल डब्यांत राहणारा. माझी गोष्ट साधी आहे. दोन भाऊ असतात. धाकटा भांडून घर सोडतो आणि शेवटच्या रिळात परत येतो. थोरला त्याला काहीच विचारत नाही, नुसतं ताट वाढतो.

मला तयार होऊन सत्तर वर्षं झाली. दिल्लीत सरकारी नोकरी करणाऱ्या काकासाहेबांनी मला हौसेनं विकत घेतलं. दर गणपतीत ते करोलबागेत चादर ताणून मला दाखवत. थोरला मुलगा भालचंद्र मशीन चालवी, धाकटा अविनाश संपलेलं रीळ उलटं गुंडाळून ठेवी. शेवटी बायका पदरानं डोळे पुसत आणि मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटे.

काकासाहेब गेले आणि घराच्या वाटण्या झाल्या. भांडी झाली, कपाटं झाली, मग दोघे भाऊ माझ्यावर अडले.

"मशीन तू घेतलंस, तर सिनेमा मला," अविनाश म्हणाला.

"बाबांनी तो माझ्या हातात दिलाय," भालचंद्र म्हणाला.

कुणीच हटेना, तेव्हा मलाही वाटून टाकलं. पहिले दोन डबे भालचंद्राबरोबर नोएडाला गेले, शेवटचे दोन अविनाशबरोबर फरीदाबादला. भांडण एकाकडे आणि समेट दुसऱ्याकडे! असला शहाणपणा माझ्या गोष्टीतल्या भावांनीही केला नव्हता.

तीस वर्षं गेली. भालचंद्र दर दिवाळीत माझे डबे उघडी, वारा देई, रीळ हातानं गुंडाळून ठेवी. फरीदाबादला मात्र मी माळ्यावर पडून होतो. अविनाशनं रागानं एकदाही झाकण काढलं नाही. बंद डब्यात माझं अंग आंबत गेलं.

यंदा भालचंद्राच्या नातीनं, नीरजानं, अविनाशला फोन केला. "अविआजोबा, आजोबा सगळं विसरायला लागलेत. पण सिनेमाची आठवण रोज काढतात. डबे घेऊन याल का, प्लीज?"

अविनाश दुसऱ्याच दिवशी टॅक्सी करून आला. झाकण काढताच खोलीभर आंबट वास सुटला. दोन्ही रिळांचा चिकटून दगड झाला होता.

"हे तर बिल्कुल गेलंय," नीरजा हळूच म्हणाली.

मग त्यांनी पहिली दोनच रिळं लावली. धाकटा भाऊ पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर पडला आणि भिंत पांढरी झाली.

"पुढे काय होतं?" भालचंद्रानं विचारलं.

"तो परत येतो, दादा," अविनाश म्हणाला.

"अविला विचारायला हवं. पुढचे डबे त्याच्याकडे आहेत."

"दादा, मीच अवि."

भालचंद्रानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाहुण्याशी बोलावं तसं तो म्हणाला, "बसा ना. जेवूनच जा तुम्ही."

अविनाश माझं झाकण परत लावू लागला. ते काही केल्या बसेना.

मित्रांनो, माझं आता काही व्हायचं नाही. पण तुमच्या घरी रागानं बंद करून ठेवलेलं काही असेल, तर राग राहू द्या, वर्षातून एकदा झाकण मात्र उघडा. मी आतून वाट पाहत होतो, हे अविनाशला कधी कळलंच नाही.