फुग्याची दाढी

उस्तादांचा वस्तरा मुलीने खणात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकली.

"कात्री चालवा, मशीन चालवा. दाढी यापुढे मी करणार."

"का? माझ्या हाताला काय धाड भरलीय?"

"काल त्या शिंप्याची हनुवटी कापलीत. बिचारा कापूस लावून फोटो काढायला गेला."

सलूनमध्ये त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली होती, आणि शिकली होती फुग्यावर. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्याने तो अलगद उतरवायचा. ज्याच्या हातून फुगा फुटतो, त्याच्या हाती माणसाचा गळा द्यायचा नाही, हा नियम उस्तादांचाच.

"मग आण फुगा," उस्ताद म्हणाले.

तिने फुगा आणला, खण उघडून वस्तराही दिला. बाकावरची गिऱ्हाइकं सरसावून बसली. उस्तादांनी फेस फासला, पातं टेकवलं आणि फट्. फेस उडाला तो आरशावर आणि बाकावरच्या डॉक्टरांच्या चष्म्यावर.

"फुगा शिळा होता," उस्ताद म्हणाले.

"बाबा, वय झालंय. त्यात लाजायचं काय?" मुलीने वस्तरा परत खणात ठेवला.

हे मात्र उस्तादांना झोंबलं. वस्तरा गेला तर उरलं काय, दुकान झाडायचं?

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "वयाचं नंतर बघू. सकाळपासून कॉफी किती झाली?"

"मी कुठे पितो? गिऱ्हाईक पितं, मी आपली सोबत करतो."

बाकावर हशा पिकला. दुकानाची रीतच तशी होती. खुर्चीत माणूस बसला की शेजारच्या मावशींकडून दोन कप यायचे, एक त्याला, एक उस्तादांना. गिऱ्हाइकाला एकट्याने प्यायला लावणं त्यांना अपमानासारखं वाटे. गिऱ्हाईक एक कप पिऊन घरी जाई. उस्ताद पुढच्याबरोबर पुन्हा सुरू.

"असं बघा," डॉक्टर सावकाश सांगू लागले, "अंगात थकवा आला की तो मेंदूकडे निरोप धाडतो, आता जरा थांब. कॉफी दारात आडवी बसते आणि निरोप आत जाऊ देत नाही. थकवा जात नाही, बाहेर ताटकळत राहतो. एखाद-दोन कपांचं बहुतेकांना काही होत नाही. पण दिवसभर ओतत राहिलात तर छाती धडधडते, हात थरथरतो, झोप उडते. आणि झोप नाही म्हणून सकाळी पुन्हा कॉफी. हळूहळू कमी करा, एकदम तोडलीत तर डोकं धरेल. तरी थरथर राहिलीच तर दवाखान्यात या, कारणं दुसरीही असतात."

"हळूहळू कशाला? आत्ताच सोडली."

दुसऱ्या दिवशी कानशिलं अशी ठणकू लागली की कात्रीचा आवाजही सोसवेना. मावशी कप घेऊन आल्या आणि भरला कप परत नेताना फुरंगटल्या, "माझ्या कॉफीत काय किडे पडले?" उस्ताद गिऱ्हाइकांवर खेकसले आणि दुपारी भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगले.

"हट्ट पुरे झाला, बाबा. अर्धा कप घ्या."

"तू किल्ली दे, मी कप घेतो."

"किल्ली मिळणार नाही."

"मग कपही नको."

पण उस्ताद हट्टी असले तरी खुळे नव्हते. असल्या ठणकत्या डोक्याने हात सुधारायच्या आधी आपण गिऱ्हाइकंच घालवू, हे त्यांना कळत होतं. संध्याकाळी ते स्वतःच मावशींकडे गेले. "रोज सकाळी अर्धा कप द्या, पुढे त्यातलाही घोट कमी करा. आणि दुपारनंतर मी मागितली तर हाकलून द्या."

"आनंदाने हाकलीन," मावशी म्हणाल्या.

हळूहळू डोकं दुखायचं थांबलं, रात्री गाढ झोप लागू लागली. गिऱ्हाइकाला कॉफी येतच होती. उस्ताद हातात पाण्याचा पेला धरून सोबत करत.

मग एके सकाळी त्यांनी स्वतःच फुगा फुगवला आणि मुलीपुढे हात पसरला. तिने खण उघडून वस्तरा काढून दिला. या वेळी फेसाचा एकेक पट्टा उतरत गेला. शेवटी हात जरासा हलला. तिने पाहिलं, त्यांनीही पाहिलं. हात थांबला, सावरला, पुढे गेला. फुगा कोरडा, गुळगुळीत, शाबूत.

"ठीक आहे. पण कॉफी आता कायमची बंद."

उस्तादांनी मावशींना हाक मारली. छोटा कप आला. त्यांनी तो मुलीच्या डोळ्यांदेखत, चवीने, तळापर्यंत संपवला.

"बाकीच्या सोडल्या त्या हातासाठी. ही माझी आहे."

"आणि वय?"

"झालंय की. पण थांबायचं कधी ते हा हात सांगेल. तू सांगायचं नाहीस."

डॉक्टर केव्हाचे खुर्चीत बसले होते. त्यांनी मान मागे टाकली. उस्तादांनी वस्तरा उघडला.

"मी इथेच उभी राहणार," मुलगी म्हणाली.

"राहा. फक्त उजेड अडवू नकोस."