ढेकळाआडचं घरटं

मुलांनो, जरा डोळे मिटा. वैशाखातलं उघडं रान डोळ्यांपुढे आणा. बांधालगत एक ढेकूळ, त्याच्या सावलीत वाटीएवढा खळगा आणि खळग्यात मातीच्याच रंगाची दोन पिल्लं. दिसली? पिंपळगाव रेणुकाईच्या कल्याणला तरी दिसली नव्हती. त्याने बांधाच्या वरच्या टोकाला काडी लावून दिली होती. पेरणीआधी बांध जाळायचा, ही त्याच्या घरची जुनी रीत.

त्याची दहा वर्षांची मुलगी मीना भाकरी घेऊन आली आणि धूर पाहून धावतच सुटली. डोंबारी चंडोल नावाच्या पाखराचं हे घरटं तिला चार दिवसांपासून ठाऊक होतं. नर शीळ घालत वर चढतो आणि दगडासारखा खाली येतो, हे ती रोज पाहायची.

“अण्णा, विझवा ते. तिथं पिल्लं हायेत.”

“येडी का तू? पाखरू हाय, उडून जाईल. सरक जल्दी.”

शेजारच्या रानात सगुणाबाई कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचत होत्या. त्या फावडं घेऊनच आल्या.

“पंख आईला हायेत, कल्याण. पिल्लांना कुठून आणशील? अन् दरसाल गवत जाळतोस, मंग पावसात बांध फुटला की माझ्याच दारी येऊन रडतोस. माती कोण धरून ठेवतं रे, तुझी काडेपेटी?”

कल्याण हसला. पण तेवढ्यात वारा फिरला. जाळ सरसर खाली येऊ लागला. घरट्यापर्यंत वीस हात उरले. मग पंधरा. मीनाने बोट दाखवलं, तेव्हा कुठे त्याला मादी दिसली. ती उडाली नव्हती! चोच वासून, पंख पसरून ती पिल्लांवर बसून होती.

कल्याणने कडुलिंबाचा डहाळा मोडला आणि जाळ झोडपायला लागला. सगुणाबाईंनी गवत खरवडून मधे पट्टा मोकळा केला. मीनाने पिण्याच्या पाण्याची घागर उपडी केली. जाळ घरट्यापासून दोन हातांवर विझला.

“चुकलं, काकू,” पोळलेला हात झटकत कल्याण म्हणाला. “आजवर खाली वाकून पाह्यलंच न्हाई.”

बाळांनो, रिकामं दिसणारं रान रिकामं नसतं. काडी ओढण्याआधी वाकून पाहावं. गवत नको असेल तर कापावं, जाळू नये.

दुसऱ्या दिवशी नांगरटीला ट्रॅक्टर येणार होता. खूण म्हणून कल्याणने घरट्याशेजारी काठी रोवून लाल चिंधी बांधली आणि तो निघाला. मीना मात्र थबकली. बाभळीवरचा कावळा मान वाकडी करून त्या चिंधीकडेच पाहत होता; ती खूण त्यालाही पिल्लांचा पत्ता सांगत होती.

तिने काठी उपटली, दहा पावलं लांब नेऊन रोवली आणि तिथूनच हाक दिली, “अण्णा, उद्या घरटं दाखवाया ट्रॅक्टरच्या म्होरं मी चालणार.”