ताज्या फुलांची बोलणी

लग्न समुद्रकाठी करायचं ठरलं, तेव्हा पाकळीच्या घरात कुणी हूं की चूं केलं नाही. जागा लांब होती, वाटेत बोट होती, आत्याला बोट लागायची. सगळं खपून गेलं. अडलं ते फुलांशी. अडलं म्हणजे वाद झाला असं नाही. वाद होण्यासाठी आधी विषय निघावा लागतो, आणि फुलं कोण करणार हा त्या घरात निघण्यासारखा विषयच नव्हता. शिंप्याच्या घरी कुणी विचारतं का, की कपडे कुठे शिवायला टाकायचे?

पाकळीचे बाबा कापडाची फुलं करायचे. नाटकांच्या रंगमंचावर, कापडदुकानांच्या काचेआड, हॉटेलांच्या जिन्यांवर, फोटो स्टुडिओतल्या खोट्या बागेत, जिथे जिथे फुलांनी वर्षानुवर्षं गप्प उभं राहायचं असे, तिथे त्यांची फुलं उभी असत. बाजारात त्यांना गुलाबशेठ म्हणत. खऱ्या गुलाबाला गुलाबशेठनी जन्मात कधी हात लावला असेल, तर तो उसवून बघण्यासाठी. एकदा एक मधमाशी दुकानात शिरली आणि काचेआडच्या शेवंतीवर बराच वेळ बसून शेवटी कंटाळून निघून गेली. बाबांनी ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली. कंटाळून गेली, हा भाग ते गाळत.

आणि पाकळीला लग्नात खरी फुलं हवी होती. ताजी. सगळीच्या सगळी.

हे तिने होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं, समुद्रकाठच्या फुलवालीला फोनवर सांगितलं होतं. बाबांना तेवढं सांगायचं राहिलं होतं. "तूच सांग बाई," आई म्हणाली, "मला याच माणसाबरोबर राहायचंय." होणारा नवरा म्हणाला, "मी सांगितलं तर ते जावयाचीसुद्धा कापडी आवृत्ती काढतील." तशी पाकळी विमा कंपनीत होती. तुम्हाला काही मिळणार नाही, हे ती लोकांना दिवसभर इतक्या गोड आवाजात सांगायची, की लोक आभार मानून फोन ठेवत. पण बाबांसमोर उभी राहिली की तिची जीभ टाळूला चिकटायची.

शेवटी फुलवालीला भेटायला जायचा दिवस उगवला. "फुलांच्या कामाला जाऊन येते," एवढंच ती म्हणाली, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात तयार. खिशात टेप. "कमानीचं माप कोण घेणार? तू?"

बोटीत सांगू, असं तिने ठरवलं. बोट सुटली. बाबा कठड्याला टेप लावून बघत होते, उगाच, हाताला चाळा म्हणून. त्यांच्या अंगठ्यावरचा तो जुना, भाजल्याचा चकाकता डाग तिला दिसला, आणि सांगायचं राहिलं बाजूला, ती मनाने थेट लहानपणीच्या, दुकानावरच्या खोलीत जाऊन बसली.

त्या खोलीत सतत खळ शिजत असायची. कापड खळीत बुडवून चौकटीवर ताणायचं, वाळलं की साच्याने ठोकून पाकळ्या पाडायच्या. मग दांडीला लावलेला लोखंडी गोळा स्टोव्हवर तापवायचा आणि प्रत्येक कापडी पाकळीच्या पोटात दाबायचा, की तिला खोलगट वळण यायचं. गोळा बरोबर तापलाय का, हे बाबा अंगठ्याने बघत. बहुतेक वेळा बरोबर तापलेला असे. रंगवायचं काम आईकडे. आईचे हात कधी केशरी, कधी जांभळे. शेजारणी तिचे हात बघून कुठल्या नाटकाची तालीम चालू आहे ते ओळखत. रंगवलेल्या पाकळ्या दोरीवर वाळत, घरातल्या बनियनांच्या मधोमध. लहानगी पाकळी चिमट्याने त्यांच्या जोड्या लावायची, न बोलता, बाबांच्या मांडीला गुडघा टेकवून. खाली रस्त्यावरून कुणी हाक मारली तरी दोघंही मान वर करत नसत. तिचं नाव तिथलंच. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण ते फक्त हजेरीपुरतं.

"पाकळे, उतर," बाबा म्हणाले. बोट लागली होती.

फुलवालीचं दुकान म्हणजे एक लांबट गार खोली, ओली फरशी, आणि भिंतीशी रांगेने बादल्या. फुलवाली पन्नाशीची, कमरेला कात्री, पायात रबरी बूट. "या ताई, या काका," म्हणत तिने टेबलावर नमुन्याचा गुच्छ ठेवला. पांढरे गुलाब, मध्ये फिकट पिवळे. सकाळपासून खपून बांधला होता.

आता पाकळीच्या घरात फुलाची एक परीक्षा असते. माल गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी प्रत्येक फूल उलटं धरून झटकायचं. काही गळलं तर नापास. हे त्या घरात इतकं अंगवळणी पडलंय, की जेवायच्या आधी हात धुवावेत तसं ते आपोआप होतं. बाबांनी गुच्छ उचलला, उलटा केला आणि झटकला.

फरशीवर बर्फ पडल्यासारखं झालं.

"काका!" फुलवाली ओरडली.

"गळतायत," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"झटकल्यावर गळणारच!"

"आमची नाही गळत." त्यांनी एक पाकळी उचलून उजेडात धरली. "हिला इथे घडी पडलीय. आणि ही बघा, दोन पाकळ्या एका मापाच्या नाहीत. साचा झिजलाय का?"

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायच्या ऐवजी पाकळीला काय सुचावं? तिने उरलेल्यांतला एक गुलाब घेतला आणि तार पक्की आहे ना, हे बघायला त्याचं डोकं पिळलं. डोकं हातात आलं.

फुलवालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिच्याकडे लग्नघरची सगळ्या तऱ्हेची माणसं येऊन गेली होती, पण कसाई पहिल्यांदाच आले होते.

"असो," बाबा समजुतीने म्हणाले. "ही सांगायला लाजत असेल, म्हणून मीच सांगतो. कमानीची फुलं आमच्याकडून येतील. तुम्ही फक्त हिरवा पाला बघा. पाल्यात आम्हाला फारसा रस नाही."

"पण ताईंनी तर फोनवर सांगितलंय, सगळी ताजी. कापडी एकही नको. दोनदा सांगितलंय."

"दोनदा?"

"दुसऱ्यांदा जरा मोठ्याने."

पाकळीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाबांनी टेप बोटाभोवती गुंडाळली, नीट, कडेला कड लावून. मग "येतो जरा" म्हणून ते बाहेरच्या दाराने म्हणून निघाले ते मागच्या दाराने गेले. चूक कळली तरी परत आले नाहीत. रागावलेल्या माणसाला दार बदलता येत नाही.

मागे छोटं आवार होतं. कोपऱ्यात कालची फुलं ढिगाने टाकलेली. बाबा एका लाकडी खोक्यावर बसून त्या ढिगाकडे बघत होते.

"बाबा, मी सांगणार होते."

"कधी?"

"बोटीत."

"बोटीत तू माझ्या अंगठ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, नख वाढलंय."

ती उभीच राहिली. "राग आला?"

"गिऱ्हाइकाचा राग येऊन कसं चालेल?" असं म्हणून त्यांनी टेप खिशात टाकली. मग म्हणाले, "तू लहान होतीस. रस्त्यात पडलेला एक गुलाब उचलून आणलास. दुकानातल्या फुलदाणीत ठेवलास. आठवतं?"

तिला आठवलं. फुलदाणी कोरडी होती. त्या घरात फुलदाणीत पाणी कुणी घालतच नसे; कशाला घालतील? दुसऱ्या दिवशी गुलाबाने मान टाकली. आपल्या हातून काहीतरी वाईट घडलं, या समजुतीने ती त्याच्या कानाशी लागून, म्हणजे जिथे कान असावा असं तिला वाटलं तिथे, सॉरी सॉरी म्हणत बसली होती.

"तू जेवेनास," बाबा म्हणाले. "मला तरी काय माहीत, पाणी लागतं? मी त्याला खळ लावली."

"आणि इस्त्री केलीत."

"हलक्या हाताने केली गं!" बाबांचा आवाज एकदम चढला, जणू खटला अजून चालू होता. "तो तपकिरी झाला आणि इस्त्रीलाच चिकटला. तू किती दिवस माझ्याशी बोलली नाहीस. आता लग्नात ती अख्खी कमान संध्याकाळी माना टाकणार. तू रडायला लागलीस तर समुद्रावर मी इस्त्री कुठून आणू?"

पाकळीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला. बाबांनी पाठ थोपटली.

"मी नाही रडणार," ती शेवटी म्हणाली. "बाबा, आपल्या घरात कधी काही शिळंच झालं नाही. मी जन्मले त्या वर्षीची शेवंती अजून काचेआड आहे. आई दर आठवड्याला तिची धूळ पुसते. मला लग्नाचा दिवस असा ठेवायचा नाहीये. संपला की संपला, असा एक तरी दिवस मला हवाय. मग मी तो आठवत बसेन. पुसत नाही बसणार."

बाबांनी ढिगातलं एक फूल उचललं, झटकायला म्हणून हात वर नेला आणि तसाच खाली आणला.

"बरं," ते म्हणाले. मग अगदी हळू, "पण मग मी त्या दिवशी करायचं काय? नुसता उभा राहू? सगळ्यांना या, बसा करत? मला नाही येत ते. हात रिकामे असले की मला काही सुचत नाही, पाकळे."

एवढं सगळं तिने मनात घोकलं होतं, पण हा प्रश्न काही तिने घोकला नव्हता. तिला वाटलं होतं, बाबांना फुलांचं दुःख आहे. ते हातांचं होतं. विमा कंपनीचा आवाज इथे कामाचा नव्हता.

फुलवाली चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने किती ऐकलं कोण जाणे. "काका, लग्नाच्या सकाळी मला माणूस कमी आहे," ती म्हणाली. "ठरल्या वेळी यायचं, सांगेन तेवढंच करायचं. काही झटकायचं नाही. अनुभव आहे?"

बाबा उठून उभे राहिले. शर्ट नीट केला. "आहे."

"ताज्याचा?"

"आज सकाळपासून."

"काय काय केलंत?"

"एक गुच्छ वाया घालवला," बाबा खरं ते बोलले.

"सगळेच घालवतात. वधूपिता म्हणून सूट नाही मिळणार. तोंड धुऊन, एप्रन घालून यायचं, आणि पहिला पाहुणा यायच्या आत काम संपलं पाहिजे."

"एप्रनवर कोट चालेल?"

"कोट काम संपल्यावर."

"ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि इतका वेळ कुणाच्याच ध्यानात न आलेली गोष्ट तेवढ्यात उरकून टाकली: "पाकळे, यांनाच ठरव. बाई शिस्तीच्या आहेत."

नोकरी लगेच सुरू झाली. फुलवालीने त्यांना खोक्यावर परत बसवलं, मांडीवर गुलाबांची जुडी दिली आणि काटे कसे काढायचे ते दाखवलं. पहिलाच काटा अंगठ्यात गेला. बाबांनी तो लाल थेंब कौतुकाने न्याहाळला, रंग कुठून मिळाला असं विचारणार असल्यासारखं, आणि पुढचा गुलाब घेतला.

"हळू, काका. देठ सोलू नका."

"हो बाई," बाबा म्हणाले. हा आवाज पाकळीने कधी ऐकला नव्हता. नव्या नोकराचा होता.

तिने जुडीतला एक गुलाब उचलला.

"ताई, तुम्ही नाही," फुलवाली आत जाता जाता ओरडली. "नवरीला मी कामावर घेत नाही!"

"तिचं मी बघतो," बाबा मान वर न करता म्हणाले, आणि खोक्यावर थोडे सरकले.