अळणी वरण

"हा नुसता अशक्तपणा नाही, असं तुम्हाला कधी वाटलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

देवरावाने बायकोकडे पाहिलं. कांताबाई मांडीवरच्या डब्याच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसली होती. उन्हाळ्यापासून ती अशीच भिंतीकडे तोंड करून बसे. आर्णीच्या डॉक्टरांनी कमजोरी म्हणून सलाईन लावलं, मग पुन्हा लावलं. बाटल्या संपल्या, बाई होती तशीच. आज यवतमाळच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे निघतानाही देवरावाने शेजारच्या नंदाबाईला 'बीपी दाखवाले चाललो' असंच सांगितलं होतं. खरं सांगायला जीभ रेटली नाही.

"वरणानं समजलं, मॅडम," तो म्हणाला.

गाड्या दुरुस्त करण्यात जन्म गेलेला हा माणूस बायको आजारी पडल्यावर, साठीला टेकून, वरण शिकला होता. आणि बायको कोण, तर कांताबाई! विहारात भोजनदान असलं की वरणाच्या गंजात मीठ तिनेच टाकायचं, दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. लग्नाच्या पंगतीत वरण अळणी लागलं तर यजमानाला तोंडावर सांगणारी बाई ती.

"एक रोज मी मुद्दाम मीठच नाई टाकलं," देवराव म्हणाला. "म्हटलं, कांता चिडन तरी. चार शिव्या देईन तरी. इनं सारं खाल्लं अन् ताट धुवून ठेवलं. मंग मी रोजच तसं करून पाह्यलं. हे काई बोललीच नाई."

"मले कळत होतं," कांताबाई म्हणाली.

दोघांनीही चमकून तिच्याकडे पाहिलं.

"मंग बोलली काहून नाई तू?"

"मले वाटलं, तुमी कटाळले मले. म्हनून मीठ बंद केलं." ती पिशवीकडेच पाहत होती. "अन् मले ते बरोबरच वाटलं."

देवरावाने तिला हाक मारायला म्हणून केलं, आणि ती बिचारी शिक्षा समजून गिळत राहिली.

"मरून जावं, असं वाटतं का कधी?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

कांताबाईने मान हलवली. होय.

"सांगितलंत, फार चांगलं केलंत. हे आजारामुळे वाटतं. औषधाने आणि बोलण्याने कमी होतं, पण वेळ लागेल. तोवर काका, यांना एकटं सोडू नका."

बसस्टँडवर नंदाबाईचा फोन आला. बीपी किती निघाला?

"बीपी नाई, नंदाबाई," देवराव म्हणाला. "कांताचं मन आजारी हाय. औषध चालू झालं. तुमी येऊन बसत जा तिच्यापाशी."

मग त्याने डबा उघडून भाकर मोडली, वरणात कुस्करली आणि तिच्यापुढे धरली.

"मीठ हाय त्याच्यात, कांता. मी चाखून पाह्यलं."

ती खाली मान घालून जेवू लागली. रोजच्यासारखंच, हळूहळू, सगळं. चव लागली का, हे विचारायचा धीर काही त्याला झाला नाही.