आईने मोजलेली वर्षे

"कानिफनाथ, एकतीस मेला तुझी नोकरी संपते," हेडक्लार्क फक्रुद्दीनभाई म्हणाले, तेव्हा मला वाटलं थट्टा करतायत. जामखेडच्या कचेरीत आम्ही बावीस वर्षं एकत्र काढली. ते कागद लिहायचे, मी शिपाई म्हणून पोचवायचो.

थट्टा नव्हती. सर्व्हिस बुकात माझी जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे तेरा. म्हणजे साठ पुरी! माझ्या हिशेबानं मी सत्तावन्नचा. उरलेल्या तीन वर्षांनी पेन्शन कितीनं वाढेल, हे मी वहीत मांडून ठेवलं होतं. धाकटी मुलगी मालन नगरला नर्सिंग शिकत होती, तिचं शिक्षण त्याच पगारावर होतं.

"शाळेच्या दाखल्यावरून लिहिलंय," भाई म्हणाले. "आईचा अंगठा आण. तिनं जन्म सोळा सालचा म्हणून लिहून दिलं, तर साहेब कागद वर पाठवतील."

कागद त्यांनीच लिहून दिला. मी तडक घरी गेलो. राही, माझी बायको, रेशनवरची लाल मिलो ज्वारी निवडत होती. आई भिंतीला टेकून बसली होती.

"आई, शाळेत माझं वय कुनी सांगितलं हुतं?"

"म्याच."

"मग तीन वर्सं जास्तीची कशी?"

"जास्तीची न्हाईत. तू पयल्यांदा आलास तवापासून मोजलं."

मला काही उमजेना. मग तिनं सांगितलं. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता, मढीच्या नाथाला नवस बोलून. त्याचंही नाव कानिफनाथच. दोन वर्षांचा होऊन गोवरानं गेला, आणि पुढच्या साली मी झालो. मला भाऊ होता, हे सत्तावन्न वर्षांत या घरात कुणी बोललं नव्हतं!

मी भडकलो. "त्यो येगळा, मी येगळा! मेलेल्या पोराची वर्सं माझ्या नावावर लावलीस?"

"कोन मेलं?" आई म्हणाली. "मातीत ठिवताना म्या तुझ्या पाठीला काजळाचं बोट लावलं हुतं, परत आलास की वळखाया यावं म्हनून. त्ये घिऊनच आलास. इचार तुझ्या बायकुला."

राहीचा हात सुपात थांबला होता.

"हाय," ती हळूच म्हणाली. "डाव्या खांद्याखाली. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

स्वतःची पाठ कुणाला दिसते? माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तरी मी कागद उघडला, भाऊ गेल्याची ओळ त्यात स्वतःच घातली आणि वाचायला लागलो, कारण मालनचं शिक्षण थांबणार होतं. 'माझा पहिला मुलगा मयत असून...'

"मयत म्हंजी?" आईनं विचारलं.

"मेला."

पुढं केलेला अंगठा तिनं मुठीत दडवला. "दोन वर्सं अंगावर पाजलंय तुला. त्ये दूध कुनाला पाजलं म्हनू?"

तिची मूठ उघडायला मी हात पुढं केला. म्हातारीच ती, जोर केला असता तर उघडली असती. जोर झाला नाही. मला रडूच आलं.

एकतीस मेला मी कचेरीच्या किल्ल्या फक्रुद्दीनभाईंच्या टेबलावर ठेवल्या.

"अंगठा नाही दिला आईनं?"

"वय बरोबर हाय, भाई," मी म्हणालो.