हवालदाराचा लाल चेहरा

कोलेस्टेरॉलच्या गोळीने चौकातल्या हवालदाराच्या पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या, की त्याला उभं राहवेना. साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून ऑफिसात बसून फायली लावा." चौक सोडायचा म्हणताच हवालदाराचं तोंड उतरलं.

डॉक्टरांनी ती गोळी बंद करून नायसिन नावाची दुसरी गोळी दिली आणि बजावलं, "जेवणानंतरच घ्या, नाहीतर तोंड लालभडक होईल."

चौकातल्या शेवटच्या पाळीला जायच्या घाईत पठ्ठ्याने ती उपाशीपोटीच गिळली. नेमका त्याच दिवशी सिग्नल बंद पडला होता. हवालदार चौकात उभा राहिला, त्याचं तोंड पेटलं आणि चारी बाजूंची वाहनं जागच्या जागी थांबली. वरून उडणारा कावळासुद्धा थांबला, पण त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

साहेब धावत आले. "तुमची बदली रद्द! पण आता ही वाहनं सोडायची कशी?"

"तोंड धुऊन येतो, साहेब."

संध्याकाळी बायकोने ताट वाढलं. "अहो, आता तरी जेवून गोळी घेत जा."

"घेईन की," हवालदार गाल चोळत म्हणाला, "आधी सिग्नल तर दुरुस्त होऊ दे!"