उष्टी कॉफी

माझ्या धाकट्या जावेचं, रुवैदाचं, समुद्रफूल ताटाएवढं होतं आणि माझं वाटीएवढं. दिसायला फूल, पण माशांच्या टाकीत पाळायचा जिवंत प्राणी तो. दोन्ही एकाच दिवशी, जेद्दाच्या एकाच दुकानातून आणलेली. ती वरच्या मजल्यावर राहते, मी खाली. टाक्या सारख्या, दिवे सारखे, पाणीसुद्धा एकाच समुद्राचं. मग तिचंच का फुलावं? माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू.

खरं दुखणं खुर्चीचं होतं. सासूबाईंना आम्ही दोघी खाला म्हणतो. शुक्रवारचं जेवण आटोपलं की खाला खुर्ची ओढून रुवैदाच्या टाकीसमोर बसायच्या. जोकर माशांची जोडी त्या फुलाच्या बोटांत लोळायची आणि खाला तोंडभर हसायच्या. मी या घरात तेवीस वर्षं राबतेय. माझ्या टाकीसमोर त्या एकदाही टेकल्या नाहीत.

एकदा नाक मुठीत धरून मी रुवैदाला विचारलं होतं, "काय खायला घालतेस ग त्याला?"

"कोळंबीचा नखाएवढा तुकडा, तोही चार-पाच दिवसांनी. आणि दिवा नऊ तास. उजेडावरच जगतं ते, उम्म जवाद. जास्त भरवू नकोस." जवादची आई म्हणून मला सगळे उम्म जवाद म्हणतात.

म्हणे उजेडावर जगतं! खरी गोष्ट लपवतेय, असं मी ठरवून टाकलं आणि माझ्या फुलाला रोज दोन वेळा चिमट्याने अख्खी कोळंबी भरवू लागले. ते आठवड्यातून दोनदा आक्रसून मुठीएवढं व्हायचं, मळकं पाणी ओकायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचं. मला त्याची सवय झाली होती.

मग तो शुक्रवार आला. सलीगचं, म्हणजे दुधात शिजवलेल्या भाताचं, ताट उचलून झालं, खाला टाकीसमोर बसल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "बाई ग, केवढं फुगलंय हे!"

एवढंच. कौतुकाची नजर लागू नये म्हणून त्यापुढे माशाअल्लाह म्हणायचं असतं, ते मी म्हटलं नाही. विसरले नव्हते.

"तोंडात भात आहे का तुझ्या?" खाला म्हणाल्या. "माशाअल्लाह म्हण."

"म्हटलं की मनात."

"मनातलं अल्लाला ऐकू येतं. नजरेला येत नाही."

शनिवारी सकाळी वरून रुवैदाची किंकाळी आली. मी जिना चढून गेले. तिचं फूल मुठीएवढं होऊन दगडाला लोंबत होतं, जोकर मासे भोवती सैरभैर फिरत होते. मी पाहताक्षणी ओळखलं. पोट रिकामं करत होतं ते, उद्या उघडलं असतं. पण तिच्याकडे असं कधी झालंच नव्हतं, तिला कुठून कळणार?

खालांनी मला बसवून कॉफी दिली. मी प्यायले. तळाशी घोटभर राहिली तेव्हा त्यांनी फिंजान, तो कॉफीचा छोटा पेला, माझ्या हातातून हळूच काढून घेतला. ज्याची दृष्ट लागली त्याची उष्टी कॉफी पाण्यात मिसळून ज्याला लागली त्याच्या अंगावर ओततात, हे मलाही ठाऊक होतं. मी माणसांवर ओतताना पाहिलं होतं. खालांनी नळाच्या पाण्याची बादली भरली आणि माझा घोट तिच्यात टाकला.

"खाला, थांबा!" रुवैदा मध्ये आली. "नळाचं पाणी त्याला सोसत नाही." मग ती माझ्याकडे वळली. डोळे सुजलेले होते. "उम्म जवाद, तुझंही होतं का असं कधी? खरं सांग ग. तू सांगशील तसं करते."

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मला गोड वाटलं. ते इतकं गोड वाटलं की सोडवेना.

"नाही बाई," मी म्हटलं. "माझं कधीच नाही झालं असं."

म्हणजे दृष्टच ही, असं समजून रुवैदा बाजूला झाली. खालांनी सगळी बादली फुलावर उपडी केली. सोमवारपर्यंत ते विरघळून गेलं, मासेही गेले. रुवैदाने टाकी रिकामी करून गच्चीवर ठेवली. जिन्यात भेटली की ती आता डोळे खाली घालून जाते.

त्या आठवड्यात माझा हात कोळंबीकडे वळलाच नाही. पाच दिवस फुलाला फक्त दिवा मिळाला. शुक्रवारी सकाळी पाहते तर ते ताटाएवढं उघडलेलं. रुवैदा खरं सांगत होती.

या वेळी जेवणं माझ्याकडे होती. खालांनी खुर्ची ओढली आणि माझ्या टाकीसमोर बसल्या. मी दारातच थबकले. रुवैदाच्या लेकीचं चाळीस दिवसांचं बाळ त्यांच्या मांडीवर होतं. किती गोरंगोमटं! बघायला मी जवळ गेले, तशी खालांनी अंगावरची शाल ओढून त्याचं तोंड झाकलं.

"माशाअल्लाह," मी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. मग आणखी मोठ्याने.

खाला टाकीकडे बघत राहिल्या. शाल काही त्यांनी उचलली नाही.